वादविवाद

वादविवाद म्हणजे मतभेदाच्या एखाद्या विषयावर दोन किंवा अधिक पक्षांनी मान्य नियमांच्या चौकटीत, आधार देऊन केलेली मांडणी व प्रतिमांडणी होय. आपले मत सांगणे, त्याची कारणे देणे, प्रतिपक्षाचे मत समजून घेऊन त्यातील उणिवा दाखविणे आणि आपल्यावरील आक्षेपांना उत्तरे देणे ही त्याची चार अंगे आहेत. ज्या एककात हे सर्व घडते त्याला युक्तिवाद म्हणतात. न्यायालय, विधिमंडळ, ग्रामसभा, विद्वत्सभा आणि शाळा-महाविद्यालयांतील स्पर्धा ही वादविवादाची नेहमीची स्थळे होत. भारतीय परंपरेत या विषयाला वादविद्या असे नाव असून न्यायदर्शनात तिचे सविस्तर शास्त्र तयार झाले.

शब्द व अर्थछटा

संस्कृत ‘वद्’ (बोलणे) या धातूपासून ‘वाद’ हा शब्द झाला. न्यायशास्त्रात त्याचा अर्थ अगदी प्रतिष्ठेचा आहे : सत्य जाणण्यासाठी केलेली चर्चा. व्यवहारातील मराठीत मात्र ‘वाद घालणे’ म्हणजे भांडणेच. ‘जमिनीचा वाद’, ‘वादग्रस्त विधान’, ‘वादावादी’ या प्रयोगांतही भांडणाचीच छटा आहे. फार्सी-अरबीतून आलेल्या शब्दांचीही हीच गत झाली. ‘हुज्जत’ या शब्दाचा मूळ अरबी अर्थ प्रमाण किंवा पुरावा असा आहे. मराठीत हुज्जत घालणारा माणूस म्हणजे पुरावा नसताना अडून बसणारा माणूस. ‘तक्रार’ म्हणजे मुळात पुनरुक्ती. त्यातल्या त्यात ‘मुद्दा’ या शब्दाने आपली पत राखली आहे. ‘मुद्द्याचे बोला’ या रोजच्या वाक्यात वादविद्येचा पहिला नियम आलेला आहे.

युक्तिवादाची घडण

कोणत्याही युक्तिवादात किमान दोन गोष्टी असाव्या लागतात : जे सिद्ध करायचे ते विधान आणि ज्याच्या बळावर ते सिद्ध करायचे ते आधारविधान. ‘आमच्या गावात पाणी कमी आहे’ हे नुसते विधान झाले. ‘आमच्या गावात पाणी कमी आहे, कारण मार्चपासूनच टँकर सुरू होतो’ हा युक्तिवाद झाला. पहिल्या वाक्याला फार तर ‘नाही’ म्हणता येते. दुसऱ्याची तपासणी करता येते. टँकर खरोखर मार्चपासून येतो का, आणि येत असल्यास पाणी कमी असल्यामुळेच येतो की नळयोजना बंद पडल्यामुळे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न आधाराच्या खरेपणाचा, तर दुसरा आधार व निष्कर्ष यांच्यातील संबंधाचा. नवशिके विद्यार्थी बहुधा पहिल्याच प्रश्नाशी थांबतात. प्रतिपक्षाची माहिती खरी असेल तर आता बोलण्यासारखे काही उरले नाही, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात पुष्कळसे दुबळे युक्तिवाद खऱ्या माहितीवरच उभे असतात.

न्यायसूत्रांत युक्तिवादाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वत, धूर व अग्नी यांचे त्याचे परंपरागत उदाहरण असे : पर्वतावर अग्नी आहे (प्रतिज्ञा), कारण तेथे धूर आहे (हेतू), जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर (उदाहरण), या पर्वतावरही तसाच धूर आहे (उपनय), म्हणून पर्वतावर अग्नी आहे (निगमन). पहिले व पाचवे वाक्य जवळजवळ एकच असल्याने ही रचना पाल्हाळिक आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो पाश्चात्त्य त्रिपदी अनुमानाशी तुलना करून घेतलेला आहे आणि फारसा टिकत नाही. कारण पंचावयवी वाक्य हे दुसऱ्याला पटवून देण्यासाठी आहे. सभेत बोलणाऱ्याने काय सिद्ध करणार ते आधी सांगावे आणि शेवटी ते सिद्ध झाले हे दाखवावे, हा तिचा व्यवहार आहे. यातील तिसरा अवयव विशेष महत्त्वाचा. केवळ ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हा नियम सांगून भागत नाही. वादी व प्रतिवादी या दोघांनाही मान्य असलेला एक दृष्टान्त द्यावा लागतो. त्यामुळे चर्चा दोघांच्या सामाईक अनुभवावर उभी राहते.

(‘निगमन’ या शब्दाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. न्यायशास्त्रात तो पाचव्या अवयवाचे, म्हणजे निष्कर्षाचे नाव आहे. आधुनिक मराठी तर्कशास्त्रात सामान्य नियमावरून विशिष्ट निष्कर्ष काढण्याच्या पद्धतीला निगमन आणि विशिष्ट अनुभवांवरून सामान्य नियमाकडे जाण्याच्या पद्धतीला विगमन म्हणतात. पाठ्यपुस्तके वाचताना या दोन अर्थांचा घोटाळा होतो.)

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात रोजच्या व्यवहारातील युक्तिवादाचे निराळे विश्लेषण केले. त्यांच्या मते दावा आणि माहिती यांच्यामध्ये एक जोडणारा नियम असतो व तो बहुधा बोलून दाखविला जात नाही. त्या नियमालाही पाठबळ लागते. दाव्यासोबत ‘बहुधा’, ‘सामान्यतः’ असा मर्यादादर्शक शब्द लागतो आणि दावा कोणत्या परिस्थितीत लागू पडणार नाही तेही सांगावे लागते. ‘तो कोकणातला आहे, म्हणजे त्याला पोहता येत असणार’ या वाक्यात ‘कोकणातल्या लोकांना पोहता येते’ हा नियम न बोलता गृहीत धरला आहे. तो उघड करून पाहिला की त्याचा कच्चेपणा आपोआप दिसतो. प्रतिपक्षाचे असे दडलेले गृहीतक शोधून काढणे हे वादविवादातील सर्वांत उपयुक्त कौशल्य समजावे.

वादाचा मुद्दा ठरविणे

दोन्ही बाजू तासभर बोलतात आणि तरीही त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात, असा अनुभव पुष्कळदा येतो. प्राचीन ग्रीक वक्तृत्वशास्त्रात यावर एक उपाय सांगितला आहे. वाद चार ठिकाणी अडू शकतो : गोष्ट घडली की नाही (वस्तुस्थिती), घडली असल्यास तिला काय म्हणावे (व्याख्या), ती योग्य की अयोग्य (मूल्य), आणि तिचा निर्णय करण्याचा अधिकार कोणाचा (अधिकार). ही मांडणी हेर्मागोरास या शिक्षकाच्या नावाशी जोडली जाते.

महाराष्ट्राच्या इतिहासात तिचे उत्तम उदाहरण म्हणजे संमतिवयाच्या कायद्याचा वाद होय. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने संमतिवय १० वर्षे ठरविले होते. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी या बालवधूचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाला. ती दहा वर्षांहून मोठी असल्याने पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू होत नव्हता. हे वय १२ करणारा कायदा मार्च १८९१ मध्ये संमत झाला. त्याआधीचे काही महिने पुण्या-मुंबईतील वृत्तपत्रे व सभा या एकाच विषयाने भरून गेल्या होत्या. बेहरामजी मलबारी, महादेव गोविंद रानडे, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि ‘सुधारक’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर हे एका बाजूस, तर ‘केसरी’तून लिहिणारे बाळ गंगाधर टिळक दुसऱ्या बाजूस होते.

या वादाकडे ‘बालविवाह चांगला की वाईट’ असा वाद म्हणून पाहिले तर तो कळत नाही. टिळकांनी १८९० साली स्वतःच, मुलींचे लग्न सोळा आणि मुलांचे वीस वर्षांपूर्वी करू नये अशा स्वेच्छेच्या प्रतिज्ञा लोकांपुढे ठेवल्या होत्या. त्यांचा मुख्य आक्षेप चौथ्या ठिकाणचा होता : परकीय सरकारने कायदा करून समाजाच्या धार्मिक आचारात हात घालू नये, सुधारणा लोकशिक्षणाने आतून व्हावी. भांडारकरांनी धर्मग्रंथांचे आधार देऊन, ऋतुप्राप्तीनंतर लगेच गर्भाधान केलेच पाहिजे असे शास्त्राचे बंधन नाही, असे दाखविण्याचा प्रयत्न केला. हा तिसऱ्या ठिकाणचा वाद होता व टिळकांनी तोही लढविला. सुधारकांचे चौथ्या ठिकाणचे उत्तर असे होते की, सती बंदीचा व विधवाविवाहाचा कायदा याच सरकारने केला आहे, आणि ज्या मुलीचा जीव आज धोक्यात आहे तिला लोकशिक्षण पुरे होईपर्यंत थांबायला सांगता येत नाही. अधिकाराचा प्रश्न टिळकांनी नेमका हेरला, हे मान्य करावे लागते. परंतु त्या प्रश्नाचे कोणतेही उत्तर घेतले तरी फुलमणीसारख्या मुलींचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि त्याला विरोधी पक्षाकडे तातडीचे उत्तर नव्हते. ज्यांच्या देहावर हा वाद चालला होता त्या मुलींचा आवाज त्यात जवळजवळ कोठेच नाही, हीही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

सिद्धीचा भार

जो दावा करतो त्याने तो सिद्ध करावा, हा वादविवादाचा सर्वमान्य नियम आहे. भारतीय न्यायव्यवस्थेत तो १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात होता व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. स्पर्धेत ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्याने चालू स्थिती बदलण्याची गरज दाखवायची असते. विरोधकाला केवळ ती गरज सिद्ध झालेली नाही एवढे दाखविले तरी चालते. ‘हे खोटे आहे असे तुम्ही सिद्ध करा’ असे म्हणून भार दुसऱ्यावर ढकलणे ही जुनी युक्ती आहे. मंत्राने साप उतरतो असे म्हणणाऱ्याने ते दाखवावे लागते. तो उतरत नाही हे ऐकणाऱ्याने सिद्ध करायचे नसते.

खंडन

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम यथार्थपणे मांडायचे आणि मग त्याचे निरसन करायचे, ही भारतीय ग्रंथलेखनाची जुनी रीत आहे. पहिल्या भागाला पूर्वपक्ष आणि दुसऱ्याला उत्तरपक्ष किंवा सिद्धान्त म्हणतात. अनेक ग्रंथांत पूर्वपक्ष इतका समर्थपणे मांडलेला असतो की तो लेखकाचाच वाटावा. प्रतिवादीचे म्हणणे सभेसमोर पुन्हा सांगता न येणे याला न्यायसूत्रांनी ‘अननुभाषण’ असे नाव देऊन ते पराभवाचे एक कारण मानले आहे. ज्याला समोरच्याचे म्हणणे सांगताच येत नाही त्याने ते ऐकलेलेच नाही, असा त्याचा अर्थ.

आधुनिक काळातील एक उल्लेखनीय दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, परंतु होऊ न शकलेले आपले भाषण त्यांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या नावाने मराठीत ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध केले. महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. पुस्तकाच्या १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधींचे लेख छापले आणि त्यापुढे आपले सविस्तर उत्तर जोडले. त्यामुळे वाचकाला दोन्ही बाजू एकाच ठिकाणी मिळाल्या. उत्तराची धार त्यामुळे कमी झाली नाही, उलट वाढली.

खंडनाचे तीन मार्ग आहेत. आधार खोटा आहे असे दाखविणे. आधार खरा असला तरी त्यातून निष्कर्ष निघत नाही असे दाखविणे. किंवा दोन्ही मान्य करून, विरुद्ध बाजूचे कारण अधिक वजनदार आहे असे दाखविणे. तिसरा मार्ग अवघड पण प्रामाणिक आहे. सार्वजनिक प्रश्नांत दोन्ही बाजूंना बहुधा काहीतरी तथ्य असते आणि निर्णय तोलूनच करावा लागतो.

एक उदाहरण असे. ठराव आहे : ‘गावाने शेतीसाठी विंधन विहिरी (बोअर) घेण्यास बंदी करावी.’ अनुकूल बाजू म्हणेल की खोल विहिरींनी भूजल झपाट्याने उपसले जाते; अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने अशी बंदी पाळली आणि तेथे पाणी टिकले. हा युक्तिवाद ऐकायला भक्कम वाटतो. परंतु हिवरे बाजारने पाणलोट क्षेत्रविकासाची कामे केली, अधिक पाणी पिणाऱ्या पिकांवर निर्बंध घातले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदीही पाळली. तेव्हा पाणी टिकण्याचे श्रेय एकट्या बोअरबंदीला देता येत नाही. प्रतिकूल बाजूने हे दाखविले तर तो दुसऱ्या मार्गाने केलेला प्रभावी प्रतिवाद होईल. तिने केवळ ‘शेतकऱ्यावर अन्याय होईल’ असे म्हटले तर तो होणार नाही. कारण कोणत्या शेतकऱ्यावर, हे सांगावे लागेल. ज्याच्याकडे तीनशे फूट बोअर मारायला पैसा आहे त्याच्यावर, की ज्याची साधी विहीर शेजारच्या बोअरमुळे आटली त्याच्यावर? मग अनुकूल बाजूला आपला ठराव सुधारून घ्यावा लागेल : बंदी एकटी पुरेशी नाही, पण पाणलोटाची कामे केली आणि उपसा मोकाट ठेवला तर मुरलेले पाणी ज्याची विहीर सर्वांत खोल त्याच्याकडे जाते, म्हणून बंदी आवश्यक आहे. ‘पुरेसे’ आणि ‘आवश्यक’ यांतील हा भेद कळला की अशा चर्चेतील अर्धा गोंधळ दूर होतो.

तर्कदोष

सदोष असूनही निर्दोष भासणाऱ्या युक्तिवादाला तर्कदोष म्हणतात. ॲरिस्टॉटलने आपल्या ग्रंथात असे तेरा दोष सांगितले. त्यांपैकी सहा भाषेमुळे व सात भाषेबाह्य कारणांनी निर्माण होणारे आहेत. न्यायसूत्रांनी हेतूचे पाच दोष (हेत्वाभास) मानले आहेत. त्यांतील ‘सव्यभिचार’ म्हणजे साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळणारा हेतू (‘तो उत्तीर्ण होणार, कारण तो रोज शाळेत जातो’). ‘विरुद्ध’ म्हणजे स्वतःच्याच प्रतिज्ञेविरुद्ध जाणारा हेतू. ‘साध्यसम’ म्हणजे साध्याइतकाच असिद्ध हेतू. ‘त्या वाड्यात जाऊ नये, कारण तेथे भूत आहे’ हे त्याचे घरगुती उदाहरण.

शब्दांच्या आडून केलेल्या फसवणुकीला ‘छल’ म्हणतात. मुलाने ‘नव’ कांबळे पांघरले आहे असे म्हटले असता, ‘नऊ कांबळी कोठे आहेत, एकच तर दिसते’ असे म्हणणे हे वाक्छलाचे प्रसिद्ध उदाहरण. लाक्षणिक अर्थाचे बोलणे अक्षरशः घेणे हा उपचारछल.

आज नेहमी भेटणाऱ्या दोषांना मराठीत समर्पक नावे उपलब्ध आहेत, परंतु त्यांचा वापर होत नाही. एकामागून एक घडलेल्या गोष्टींत कार्यकारणसंबंध मानणे याला संस्कृतात ‘काकतालीय न्याय’ आणि मराठीत ‘कावळा बसायला अन् फांदी तुटायला’ असे म्हणतात. ‘तुम्ही तरी कोठे करता?’ हे उत्तर न्यायसूत्रांतील ‘मतानुज्ञा’ या पराभवस्थानात मोडते : समोरच्यावर तोच आरोप करणारा स्वतःवरील आरोप मान्य करीत असतो, हे त्यामागील मर्म. दूरचित्रवाणीवरील राजकीय चर्चेत या एकाच नियमाची अंमलबजावणी झाली तर कार्यक्रम दहा मिनिटांत संपेल. विधानाऐवजी बोलणाऱ्याच्या जातीवर, वयावर किंवा पोशाखावर बोलणे हा व्यक्तिलक्ष्यी दोष होय. मात्र साक्षीदाराचा हितसंबंध विचारणे हा दोष नव्हे. खत विकणाऱ्याने खताची शिफारस केली तर त्याचा धंदा काय हे विचारणे योग्यच आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे मोडून-तोडून, सहज पाडता येईल असे बुजगावणे उभे करणे हाही फार प्रचलित दोष आहे. ‘परीक्षापद्धती बदलावी’ असे म्हणणाऱ्याला ‘तुम्हाला परीक्षाच नकोत’ असे उत्तर मिळते ते असे.

दोषांची नावे पाठ करून ती प्रतिपक्षाच्या तोंडावर फेकण्याची सवय अलीकडे वाढली आहे. नाव घेतल्याने खंडन होत नाही. प्रस्तुत वाक्यात तो दोष कोठे आहे ते दाखवावे लागते. शिवाय युक्तिवाद सदोष असला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. चुकीच्या रीतीने सोडविलेल्या गणिताचेही उत्तर कधीकधी बरोबर येते.

वाद, जल्प व वितंडा

अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ (विचाराचे विषय) सांगितले असून त्यांत वाद, जल्प व वितंडा हे कथेचे, म्हणजे चर्चेचे तीन प्रकार आहेत. वादात दोन्ही पक्ष प्रमाण व तर्क यांच्या साहाय्याने सत्यनिर्णय करू पाहतात. जल्पात जिंकणे हा उद्देश असून छल इत्यादी साधनेही वापरली जातात. वितंडेत स्वतःचा पक्षच मांडायचा नसतो. केवळ दुसऱ्याचा पाडायचा असतो. मराठीतील ‘वितंडवाद’ हा शब्द येथूनच आला. जल्प व वितंडा यांना सूत्रकारांनी सर्वस्वी त्याज्य मानले नाही, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. कोवळ्या रोपांच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण करावे तसा त्यांचा उपयोग सांगितला आहे. वादी कोणत्या ठिकाणी हरला असे समजावे याची बावीस ‘निग्रहस्थाने’ पाचव्या अध्यायात दिली आहेत. त्यांत प्रतिज्ञा सोडणे, मध्येच प्रतिज्ञा बदलणे, विषयांतर, निरर्थक बोलणे, पुनरुक्ती, उत्तर न सुचणे आणि काहीतरी निमित्त सांगून सभेतून निघून जाणे यांचा समावेश होतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी याचे विवेचन आहे. तेथे मैत्रीची ‘संधायसंभाषा’ व विरोधाची ‘विगृह्यसंभाषा’ असे दोन प्रकार केले आहेत. रोग्याच्या जिवाशी संबंधित शास्त्रात चर्चेचे नियम लिहून ठेवावेसे वाटले, हे सहज समजण्यासारखे आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिनांडर राजाला पंडितांसारखी चर्चा करणार की राजांसारखी, असा प्रश्न विचारतो. पंडित चूक दाखविली असता रागावत नाहीत, राजे मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा करतात.

महाराष्ट्रातील परंपरा

एकोणिसाव्या शतकात मुंबई व पुणे येथे सार्वजनिक वादविवादाला नवे रूप आले. १८३० च्या सुमारास स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत हिंदू पंडितांशी जाहीर धर्मचर्चा केल्या व मोरभट दांडेकर यांनी त्यांना लेखी उत्तर दिले. विष्णुबुवा ब्रह्मचारी (विष्णू भिकाजी गोखले) यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी केलेले वादविवाद विशेष गाजले. त्यांचा वृत्तान्त पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांच्या सभेतून १८४८ साली ज्ञानप्रसारक सभा निघाली आणि निबंधवाचन व चर्चा यांची सवय तरुणांना लागली. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ जोतीराव व धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात लिहिला. धोंडीबा शंका विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात, या रचनेमुळे शाळा न पाहिलेल्या श्रोत्यालाही युक्तिवाद टप्प्याटप्प्याने कळू शकला. पुण्यात रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली.

टिळक व आगरकर यांचे मतभेद या परंपरेत नेहमी उद्धृत होतात. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे मतभेद वाढून आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढले. त्यानंतरच्या लेखनात दोघांकडूनही कटुता झाली. ती सोडून केवळ त्यांची मांडणी वाचली तर मराठी गद्यात युक्तिवाद किती नेमका होऊ शकतो हे कळते.

स्पर्धात्मक वादविवाद

ब्रिटनमध्ये केंब्रिज (१८१५) व ऑक्सफर्ड (१८२३) येथील विद्यार्थीसंघांनी संसदेच्या धर्तीवर वादविवादाची पद्धत रूढ केली. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ऑक्सफर्डच्या संघाने, कोणत्याही परिस्थितीत राजा व देश यांसाठी लढणार नाही, असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला आणि ब्रिटनभर खळबळ उडाली. अमेरिकेत १८५८ साली लिंकन व डग्लस यांच्यात इलिनॉय राज्यात सात वादविवाद झाले. पहिल्या वक्त्याला एक तास, दुसऱ्याला दीड तास आणि पुन्हा पहिल्याला अर्धा तास अशी वेळ असे. विषय गुलामगिरीच्या प्रसाराचा होता आणि श्रोते उभे राहून तीन तास ऐकत.

आज विद्यापीठ पातळीवर प्रचलित असलेल्या ब्रिटिश संसदीय पद्धतीत दोन-दोन वक्त्यांचे चार संघ असतात. दोन ठरावाच्या बाजूने व दोन विरोधात. विषय जाहीर झाल्यावर तयारीला १५ मिनिटे व प्रत्येक भाषणाला ७ मिनिटे मिळतात. पहिले व शेवटचे मिनिट सोडून प्रतिपक्षाला उभे राहून प्रश्न विचारता येतो. या पद्धतीची जागतिक विद्यापीठ स्पर्धा १९८१ साली ग्लासगो येथे प्रथम झाली.

महाराष्ट्रातील शालेय वादविवाद स्पर्धांत बहुधा प्रत्येक शाळेचा एक विद्यार्थी अनुकूल आणि एक प्रतिकूल बाजूने बोलतो. विषय आधी कळविलेला असतो. परिणामी पुष्कळ भाषणे घरी लिहून, कित्येकदा मोठ्यांनी लिहून देऊन, पाठ केलेली असतात आणि आधीच्या वक्त्याने काय सांगितले याचा त्यांच्यावर काहीही परिणाम होत नाही. अशी स्पर्धा वक्तृत्वाची होते, वादविवादाची नव्हे. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून खंडनासाठी स्वतंत्र दोन मिनिटे ठेवतात किंवा परीक्षक वक्त्याला प्रश्न विचारतात. बाजू चिठ्ठ्या टाकून ऐनवेळी ठरविली तर विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंची तयारी करावी लागते आणि स्वतःच्या मताविरुद्धचे सर्वोत्तम कारण शोधण्याची सवय लागते.

तयारी

विषयाचे वाक्य शब्दशः तपासणे हे तयारीचे पहिले काम होय. ‘समाजमाध्यमांमुळे वाचनसंस्कृती लोप पावली आहे’ या विषयात ‘मुळे’ आणि ‘लोप’ हे दोन शब्द निर्णायक आहेत. वाचन कमी झाले असेल, पण लोपले आहे काय? कमी झाले ते समाजमाध्यमांमुळेच काय? त्यानंतर दोन्ही बाजूंचे मुद्दे समोरासमोरच्या दोन स्तंभांत लिहावेत आणि ज्या मुद्द्यासमोरची जागा रिकामी राहील त्यावर भर द्यावा. सहा मुद्द्यांपेक्षा आधारासह मांडलेले तीन मुद्दे अधिक टिकतात. आकडा देताना तो कोणी, केव्हा व कशाचा मोजला हे सांगता आले पाहिजे. येत नसेल तर आकडा वापरू नये. भाषणाच्या वेळी प्रतिपक्षाचे मुद्दे त्याच्याच शब्दांत थोडक्यात टिपून घ्यावेत. मराठी सुविचार, शेरोशायरी व संस्कृत सुभाषिते यांनी टाळ्या मिळतात, परंतु त्यांनी कोणताही मुद्दा सिद्ध होत नाही. अनुभवी परीक्षक त्यांना गुण देत नाहीत.

मर्यादा

प्रत्येक मतभेद वादविवादाने सुटत नाही. आजचे तापमान किती, याचे उत्तर मोजून मिळते. दोन पक्षांत सत्तेचे अंतर फार असेल, तर नियम समान असूनही बोलण्याची मोकळीक समान राहत नाही. मालकासमोर बसलेला मजूर आणि सासरच्या बैठकीत उभी असलेली सून यांना प्रतिवादी म्हणणे कठीण आहे. ग्रामसभेत स्त्रियांनी हजर राहूनही न बोलणे याचे कारण युक्तिवादाचे अज्ञान असतेच असे नाही. म्हणून महाराष्ट्रातील कायद्यानुसार नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेतली जाते आणि तेथील ठराव ग्रामसभेपुढे ठेवले जातात.